खालून एक फोटो टाका

शेजारच्या प्लॉटवर बंगल्याचं काम निघालं आणि ठेकेदाराने त्यातला राडारोडा, "दोन दिवसांत उचलतो साहेब," असं म्हणत आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात ओतला. हे दोन दिवस कोणत्या पंचांगातले, ते त्याने सांगितलं नाही. मृगाच्या सरी पडल्या, विटांच्या तुकड्यांतून हिरवं काहीतरी डोकावलं आणि आषाढ संपेपर्यंत त्याची पानं ताटाएवढी झाली.

"अहो, त्या कोपऱ्यात काहीतरी माजलंय. उपटून टाका."

"असू दे. जैवविविधता आहे."

"कंबर धरलीय असं सरळ सांगा की."

माझं निसर्गप्रेम कुठल्या मणक्यातून उगम पावतं, हे बायकोला बरोबर ठाऊक आहे. तरी मी माघार घेतली नाही. "फूल येऊ दे. फुलावरून ओळख पटेल, मग काय ते ठरवू." सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला असली वाक्यं सुचावी लागत नाहीत. 'अहवाल येऊ दे, मग ठरवू' या सूत्रावर मी निवृत्तीपर्यंत एकही चुकीचा निर्णय घेतला नाही. बरोबरही घेतला नाही, पण ते विचारतो कोण?

झाड होतं मात्र विचित्र. पानावर, देठावर, जिथे म्हणून जागा मिळेल तिथे बारीक लव आणि सगळं अंग चिकट. चिलटं येऊन बसायची ती बसलेलीच राहायची. मी एकदा कुतूहलाने पान चोळून पाहिलं, तर त्यानंतर सकाळभर ज्या ज्या वस्तूला हात लावला ती माझ्याबरोबर घरभर हिंडली. वीजबिल तर जेवायलासुद्धा सोबत बसलं.

पहिला निकाल कामाला येणाऱ्या मावशींनी दिला. "भोपळा हाय त्यो."

"मावशी, भोपळ्याचा वेल असतो. हे ताठ उभं आहे."

"पडंल की हळूहळू."

आणि त्या रोज तांदळाचं धुवण त्याच्या मुळाशी ओतू लागल्या. आईने गॅलरीतून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "याची भाजी करतात का रे?" स्वीडनच्या लिनिअसने 1735 साली सगळ्या वनस्पतींचे 24 वर्ग पाडले, तेही बहुतेक फुलांतले पुंकेसर मोजून. एवढा खटाटोप त्याने कशासाठी केला, कळत नाही. आमच्या घरात चार वर्गांत भागतं : भाजीला चालतं, देवाला चालतं, औषधाला चालतं आणि उपटून टाका.

पहिल्या वर्गातून ते बाद झालं, कारण आईने पानाचा वास घेतला. दुसऱ्या वर्गाची परीक्षा हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी झाली. गल्लीतल्या बायका पत्री गोळा करायला आल्या. आघाडा घेतला, दूर्वा घेतल्या, जाईच्या वेलाला ओरबाडून झालं आणि त्या झाडापाशी थबकल्या. एकीने पान खुडून नाकाशी नेलं आणि हात लांब केला.

"महादेवाला चालत असेल," दुसरी म्हणाली.

जे कोणालाच चालत नाही ते महादेवाला चालतं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पान परडीत गेलं. चिकटपणामुळे दुसऱ्या दिवशी साऱ्या प्रकारची पत्री एकाच गठ्ठ्याने वाहिली गेली, असं नंतर कानावर आलं. पूजा मात्र लवकर आटोपली म्हणे.

तिसरा वर्ग समोरच्या काकांच्या ताब्यात आहे. काका बँकेतून निवृत्त झाले आणि वनौषधींकडे वळले. जमिनीतून वर आलेली प्रत्येक गोष्ट मधुमेहावर चालते आणि मधुमेहावर न चालली तर मूतखड्यावर चालतेच, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांनी फाटकातूनच झाड पाहिलं आणि हात जोडले.

"अहो, ही तर आपली ती!"

"ती कोणती?"

"ती हो... स्मरणशक्तीला अप्रतिम. लहानपणापासून बघतोय. आत्ता जिभेवर होतं नाव..."

नाव जिभेवरून पुढे सरकलं ते रात्री साडेदहाला. फोन वाजला, मी घाबरत उचलला. "शंखपुष्पी!" एवढं बोलून काकांनी फोन ठेवला. मी शोध घेतला. शंखपुष्पीच्या नावाने कोणी विष्णुक्रांता देतात, कोणी पांढऱ्या फुलांची दुसरीच वनस्पती देतात, तर केरळात गोकर्णीचं मूळ वापरतात. स्मरणशक्तीच्या औषधाचीच नेमकी आठवण कोणाला उरली नाही. पण या दावेदारांपैकी एकाचंही पान ताटाएवढं नाही, हे मी सकाळी काकांच्या कानावर घातलं.

"मग ब्राह्मी असेल."

"काका, ब्राह्मी म्हणून कोणी नीरब्राह्मी दाखवतं, कोणी मंडूकपर्णी. दोन्ही जमिनीला धरून पसरतात. हे माझ्या कमरेला लागतंय."

"तुमच्याकडे खतपाणी जास्त होत असेल," काका म्हणाले आणि मावशींकडे कौतुकाने पाहू लागले.

मुलगा पुण्याहून आला. त्याने एकदाच उसासा टाकला आणि माझ्या फोनवर वनस्पती ओळखणारं एक ॲप टाकून दिलं. पानाचा फोटो काढला : कपाशी, 38 टक्के. आमच्या काळी 35 टक्क्यांना पास करत असत, म्हणून मी घरात जाहीर केलं की कपाशी आहे. "वाती तरी होतील," असं म्हणून आईने पहिल्यांदाच त्याच्याकडे प्रेमाने बघितलं. खात्रीसाठी दुसऱ्या बाजूने फोटो काढला : भोपळा, 41 टक्के. मावशी केर काढता काढता थांबल्या. "म्या काय म्हणलं हुतं?" तिसऱ्या फोटोत माझा पाय आला. ॲपने या वेळी क्षणभरही न घुटमळता सांगितलं : चप्पल. सगळ्या तपासात ठामपणे ओळख पटली ती एवढीच.

भाद्रपदात फूल आलं. खाली मान घातलेलं, फिकट गुलाबी, आत पिवळा पट्टा आणि पाकळ्यांच्या कडेला जांभळे डाग. घाण वासाच्या, चिकट, राडारोड्यात वाढलेल्या झाडाने इतकं देखणं फूल काढावं हे बायकोला पटलंच नाही. "कुणीतरी आणून लावलंय," असं तिचं मत पडलं आणि त्या दिवसापुरतं उपटणं लांबलं.

भाद्रपद हा आम्हा सातारकरांचा पाहुण्यांचा महिना. कासचं पठार फुललेलं असतं. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि आमच्या घरातल्या गाद्यांची संख्या वाढली. कासला जाताना माणूस साधाच असतो. शुल्क भरून, फुलं पाहून, चिखलाचे बूट घेऊन परत येतो तेव्हा मात्र तो वनस्पतिशास्त्रज्ञ झालेला असतो. त्यातल्या एका पाहुण्याने बुटांसकट अंगणात येऊन झाडाकडे बोट दाखवलं.

"कारवी. सात वर्षांनी एकदा फुलते."

"पण हे तर जूनमध्ये उगवलं."

"म्हणजे काय नशीब आहे तुमचं!"

पठारावर त्यांना टोपली कारवीची माहिती मिळाली होती आणि ती कुठेतरी वापरल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. त्यांनी झाडाबरोबर सहकुटुंब फोटो काढले. ते फोटो 'सात वर्षांतून एकदा' या मथळ्याखाली कुठवर गेले असतील, ते तो महादेवच जाणे. लोक दुसऱ्या दिवशी पत्ता विचारू लागले होते.

अखेर कोणीतरी मला वनस्पतीप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटात घातलं. तिथली शिस्त कडक. मी फुलाचा फोटो टाकला, त्याखाली तीन गुलाबांसह 'सुप्रभात' आलं आणि मग सूचना सुरू झाल्या. पानाची मागची बाजू दाखवा. देठ खोडाला कुठे चिकटतो ते दाखवा. पूर्ण झाड दाखवा. शेजारी नाणं ठेवून दाखवा. आणि शेवटी गटातल्या जाणत्या मॅडमचा आदेश आला : "खालून एक फोटो टाका. फुलाचा देठाकडचा भाग दिसला पाहिजे."

फूल होतं जमिनीपासून हातभर उंचीवर, तेही खाली बघत. अशा फुलाचा खालून फोटो काढायचा तर एकच आसन शिल्लक राहतं. मी रात्रीच्या पावसाने भिजलेल्या मातीत उताणा पडलो, मान झाडाखाली सरकवली, फोन छातीवर धरला आणि श्वास रोखला. तेवढ्यात फाटक वाजलं. दूधवाल्याला बाहेरून फक्त दोन पाय आणि एक सुटलेली चप्पल दिसत होती.

"वहिनी! साहेब पडलं!"

मी "पडलो नाही" असं ओरडणार, तर तोंड उघडताच वरून चिलटासकट थेंब आत आला आणि मला ठसका लागला. ठसक्याचा आवाज रस्त्यावर गेला. पुढच्या पाच मिनिटांत काका रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले, एका ओळखीच्याने रिक्षा थांबवली, मावशींनी माझ्या नाकाशी कांदा धरला. बायको एकटी जागची हलली नाही. "काही झालेलं नाही," ती जमलेल्या लोकांना म्हणाली, "मागून फोटो काढून झालेत, आता खालून चाललेत." लोक पांगले, पण थोडे हिरमुसले होते.

फोटो गटात गेला. मॅडमनी 'छान' म्हटलं. एकाने लॅटिन नाव टाकलं, दुसऱ्याने त्याच्या स्पेलिंगवर हरकत घेतली, तिसऱ्याने दोघांनाही जुने समजून नवं नाव सांगितलं. एका ताईंनी, ओळख पटायच्या आधीच, फांदी मिळेल का म्हणून विचारलं. कोणत्याही गटात या ताई असतातच. धोत्र्याचा फोटो टाका, त्या फांदी मागतील. मग एकाने, हे परदेशी दिसतंय, ताबडतोब उपटा, असं लिहिलं आणि सगळे गाजरगवतावर घसरले. अमेरिकेच्या पी.एल. 480 च्या गव्हाबरोबर ते आलं, 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलं, मग देशभर झालं, ही कहाणी प्रत्येकाने आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकल्याप्रमाणे सांगितली. त्या गवताला लोक काँग्रेस गवत म्हणतात, हे आठवताच चर्चा झाडांवरून निघून दिल्लीला गेली. दोन सभासद गट सोडून गेले, एकाला काढण्यात आलं. माझं झाड वर कुठेतरी त्या गुलाबांच्या शेजारी राहून गेलं.

मग मी ग्रंथाकडे वळलो. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ 1901 पासून भागाभागांनी निघाला. कुकसाहेब मूळचे रेल्वेचे इंजिनिअर, नंतर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य. पुण्यातला इंजिनिअर आपलं काम सोडून दुसरं सगळं उत्तम करतो, याचा हा जुना पुरावा. ग्रंथात वनस्पती ओळखायची किल्ली असते. पानं समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असतील तर पुढे जा. लव साधी की ग्रंथियुक्त? बीजकोश किती कप्प्यांचा? प्रत्येक ठिकाणी दोनच वाटा आणि निर्णय ताबडतोब घ्यायचा. 'अहवाल येऊ दे' असा तिसरा पर्याय कुठेच नाही. निर्णय घ्यायची सवय नसलेल्या माणसाने अशी किल्ली फिरवली की काय होतं? मी प्रामाणिकपणे एकेक वळण घेत गेलो आणि सिंधमध्ये निघालो. कुकसाहेबांच्या वेळी सिंध मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे वाळवंटातली झुडपंही त्याच पुस्तकात आहेत.

पुन्हा सुरुवात केली. पुंकेसर मोजायला भिंग घेतलं, फूल उघडून काडी आत घातली आणि आतली दोन पाळ्यांची इवलीशी जीभ माझ्या डोळ्यांदेखत मिटली. मी दचकून मागे सरलो.

"अगं, ये लवकर! त्याने तोंड मिटलं!"

"तेही कंटाळलं असेल," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

दिवाळी गेली. झाड वाळलं, पानं गळली, माझी जिज्ञासाही बरीचशी गळली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी काका नव्या पायजम्यात, मूतखड्यावरचा एक पाला शोधत आमच्या कोपऱ्यात शिरले आणि तिथून जी आरोळी आली ती ऐकून दूधवाल्याने किटली खाली ठेवली. वाळक्या झाडाखाली काळी, लाकडासारखी कडक फळं पडली होती. प्रत्येकाच्या टोकाला दोन वाकड्या, अणकुचीदार नख्या. त्यांतल्या एकीने काकांची पोटरी धरली होती, दुसरीने पायजमा.

"आयला, वाघनखी!" काका एका पायावर नाचत ओरडले. "वाघनखीच ही! आमच्या गावात ओढ्याच्या कडेला रान माजायचं. बोटात अडकवून पोरींना भिववायचो आम्ही!"

त्यानंतर काकांना शाळेतले सगळे मास्तर, त्यांच्या छड्या, बसायचे बाक आणि शेजारच्या बाकावरची एक मुलगी असं ओळीने आठवत गेलं. मूतखड्याचा पाला मात्र विसरला. स्मरणशक्तीला अप्रतिम, असं ते म्हणाले होते. गुण आला, फक्त पोटात न देता पोटरीला द्यावं लागलं.

नाव फुटलं आणि घरोघर जाणकार निघाले. "मी म्हणालेच होते," असं म्हणणाऱ्यांत हरतालिकेच्या परडीवाल्या दोघी होत्या, कासचे पाहुणे होते आणि गटातल्या ताईंना आता फांदीऐवजी फळं हवी होती. मावशींनी एवढंच मान्य केलं की भोपळा नासला. मी मात्र रीतसर माहिती काढली. झाड मूळचं मेक्सिकोकडचं. त्या जिभेच्या पाळ्या परागकण घेऊन येणाऱ्या माशीचा स्पर्श झाला की मिटतात, माझ्या काडीलाही फसल्या होत्या. शास्त्रीय नाव मार्टिनिया, केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन मार्टिन यांच्यावरून पडलेलं. हे गृहस्थ 1732 ते 1762 या पदावर होते आणि व्याख्यानं त्यांनी सुरुवातीची मोजकी वर्षंच दिली. हे वाचल्यावर मला त्या झाडाबद्दल एकदम घरोबा वाटू लागला. हे सगळं ज्या पावसाळ्यात चाललं होतं, त्याच 2024 च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली होती. तास न् तास रांगेत उभं राहून, काचेमागची ती वाघनखं डोळे भरून पाहून मी घरी आलो होतो आणि अंगणातलीला वळसा घालून आत गेलो होतो.

साडूंना बातमी लागली तसे ते स्वतः आले. मला बाजूला घेऊन कुजबुजले, "याचं मूळ काढलंत का? जोडलेल्या दोन हातांसारखं असतं. हत्थाजोडी. शेंदरात ठेवून तिजोरीत पुजायची, पैसा हलत नाही. मी दहा हजाराला घेतलीय."

मी माझ्या नव्या विद्वत्तेत न्हालेलो होतो. वाघनखीचं मूळ म्हणून जी हत्थाजोडी विकतात ते मूळ नसतंच, हे 2017 मध्ये संशोधकांनी उघडकीला आणलंय. ते वाळवलेलं घोरपडीचं असतं. नर घोरपडीचं.

"घोरपडीचं काय?"

मी सांगितलं. साडू बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ही दर शुक्रवारी त्याला हळदकुंकू वाहते. उदबत्ती ओवाळते. लक्ष्मीपूजनाला तर आम्ही दोघांनी डोकं टेकलं." वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, तिजोरीतल्या ऐवजापेक्षा जामिनाची रक्कम मोठी होईल, हे मी पुढचं सांगत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मेहुणीला कोणी सांगायचं, हा प्रश्न त्या घरात अजून प्रलंबित आहे. तिजोरी शुक्रवारी उघडते म्हणतात, आणि साडू शुक्रवारी उशिरा घरी येतात.

"नाव कळलं ना आता?" बायको म्हणाली. "टाका उपटून." पण उपटायला काही उरलं नव्हतं. त्या नख्या जनावरांच्या पायाला धरून रानोमाळ जायला बनलेल्या असतात. आमच्या गल्लीत जनावरं नव्हती, म्हणून त्यांनी माणसांवर भागवलं. काकांच्या पायजम्यातून, ताईंनी हौसेने नेलेल्या पिशवीतून, ठेकेदाराच्या माणसांच्या गोणपाटातून (त्याने राडारोडा शेवटी उचलला, आणि दोन गल्ल्या पलीकडे ओतला) वाघनखीने गाव गाठलं.

पुढच्या पावसाळ्यात गटावर एक फोटो आला. विटांचे तुकडे, ताटाएवढी पानं, फिकट गुलाबी फूल. खाली एका गृहस्थाने अजिजीने लिहिलं होतं, "आमच्या अंगणात हे काय उगवलंय? कृपया ओळखा. एक शेजारी शंखपुष्पी म्हणतात." मी चष्मा पुसला, दोनदा फोटो मोठा करून पाहिला आणि पुरेसा वेळ घेऊन उत्तर टाकलं :

"खालून एक फोटो टाका. फुलाचा देठाकडचा भाग दिसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दूध मापताना दूधवाला बायकोला म्हणाला, "वहिनी, त्या पलीकडच्या गल्लीतलं साहेबबी पडलं की हो आज."